कासवांसाठी सही करणारे शास्त्रज्ञ : चार्ल्स डार्विन



थोर माणसं जन्मापासूनच शहाणी असतात असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. थोर माणूससुद्धा हळूहळूच शिकतो. म्हणून आज मी तुम्हाला चार्ल्स डार्विन यांची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट दूरदेशची आहे, पण तिच्यात आपल्या साताऱ्याचाही एक धागा आहे. तो पुढं येईलच.

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूझबरी या गावी झाला. वडील नावाजलेले डॉक्टर होते. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई वारली. शाळेत त्याचं मन रमेना, पण दगड, शिंपले, किडे गोळा करायचा नाद मात्र भारी! वडिलांनी त्याला डॉक्टरकी शिकायला धाडलं. त्या काळी भूल द्यायचं औषध नव्हतं. एका लहान मुलावरची शस्त्रक्रिया पाहवेना, म्हणून चार्ल्स जो बाहेर पडला तो परत त्या खोलीत गेला नाही. मग धर्मोपदेशक तरी व्हावं म्हणून केंब्रिजला घातलं. तिथंही त्याचे किडे सुटले नाहीत. एकदा दोन्ही हातांत दोन किडे धरलेले असताना तिसरा दिसला. पठ्ठ्यानं हातातला एक चक्क तोंडात धरला! त्या किड्यानं जिभेवर असा जळजळीत रस सोडला की तोही थुंकावा लागला आणि हातचेही गेले.

१८३१ साली 'बीगल' नावाचं जहाज जगप्रवासाला निघणार होतं. चार्ल्सला जायचं होतं, पण वडील नको म्हणाले. शेवटी मामानं समजूत घातली आणि २७ डिसेंबरला जहाज निघालं. त्याला बोट लागायची, उलट्या व्हायच्या. तरी पाच वर्षं त्यानं प्रवास केला.

सप्टेंबर १८३५ मध्ये जहाज गॅलापागोस बेटांवर पोचलं. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला पॅसिफिक महासागरात ही बेटं आहेत. तिथली कासवं म्हणजे एकेक शिळाच! मोठं कासव उचलायला सहा-आठ माणसं लागत. डार्विन त्यांच्या पाठीवर बसून बघायचे. त्यांची चाल मोजली, तर दहा मिनिटांत ६० यार्ड भरली, म्हणजे सुमारे ५५ मीटर.

पण मुलांनो, तेव्हा सव्वीस वर्षांचे डार्विन ही कासवं खातही होते. सगळेच खलाशी खात. ही कासवं अन्नपाण्याशिवाय कित्येक महिने जगतात, म्हणून जहाजवाले ती जिवंतच तळघरात रचून ठेवत. 'बीगल'वरही तीसेक कासवं घेतली होती. मांस खाल्लं आणि पाठी समुद्रात टाकून दिल्या.

तिथं कारभार बघणाऱ्या लॉसन नावाच्या अधिकाऱ्यानं डार्विन यांना सांगितलं होतं, की पाठ बघून कासव कुठल्या बेटाचं ते ओळखता येतं. त्या वेळी डार्विन यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. पुढं घरी परतल्यावर त्याचं मोल कळलं, पण तोवर पाठी समुद्राच्या तळाशी गेल्या होत्या.

परतीच्या वाटेवर १८३६ च्या एप्रिल-मे महिन्यांत जहाज मॉरिशसला थांबलं. तिथं हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी डार्विन यांनी काम करताना पाहिले. पुढं उसाच्या मळ्यांत मजुरीला कितीतरी मराठी माणसं त्या बेटावर गेली. त्यांचे वंशज आजही तिथं मराठी शिकतात, गणपती बसवतात. त्या बेटावर पूर्वी डोडो पक्षी आणि मोठी कासवं होती. डार्विन पोचले तेव्हा डोडो नव्हता, त्या बेटावरची कासवंही संपली होती. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरून तर जहाजांनी हजारो कासवं भरून नेली. १८०० च्या सुमाराला तिथलीही संपली. माणसानं आणलेल्या उंदीर-डुकरांनी अंडी-पिल्लं फस्त केली. बेटावरच्या प्राण्याला पळायला दुसरं रान नसतं, चहूकडं पाणी!

घरी येऊन डार्विन वीस वर्षं विचार करत राहिले. कोरड्या बेटावर उंचावरचं निवडुंग खावं लागतं. ज्या कासवाची पाठ पुढून खोगिरासारखी उचललेली, त्याची मान वर जाते. ते तगतं, त्याची पिल्लं वाढतात. असं हजारो पिढ्या चाललं की जात बदलते. यालाच निसर्गाची निवड म्हणतात. मधल्या काळात, १८५१ साली, त्यांची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी वारली. ते दुःख त्यांना जन्मभर राहिलं. १८५८ साली वॉलेस या दुसऱ्या शास्त्रज्ञाचं पत्र आलं. त्यालाही हेच सुचलं होतं. मग दोघांचं म्हणणं एकदमच विद्वानांपुढं मांडलं गेलं आणि १८५९ मध्ये डार्विन यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला.

तोवर इकडं काय झालं होतं? गॅलापागोसपैकी फ्लोरियाना बेटावरची कासवं १८५० च्या सुमारास संपली होती. डार्विन यांनी तिथं पाय ठेवल्याला जेमतेम पंधरा वर्षं झाली होती.

आता साताऱ्याचा धागा. १८७४ साली हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटावर झाडतोड होणार अशी बातमी आली. तिथं मोठी कासवं शिल्लक होती. ती वाचवा, असा अर्ज मोठमोठ्या विद्वानांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला केला. त्यावर पासष्ट वर्षांच्या डार्विन यांची सही आहे. त्यांचे कट्टर विरोधक रिचर्ड ओवेन यांचीही आहे. आणि सही आहे बार्टल फ्रिअर यांची! १८४८ साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले, तेव्हा हेच फ्रिअर साताऱ्यात इंग्रजांचे रेसिडेंट होते. आज सांगली जिल्ह्यात असलेला वाळवा-खानापूरचा मुलूख तेव्हा सातारच्याच राज्यात होता. ते राज्य खालसा करू नये असं फ्रिअर यांचं मत होतं. ते कुणी ऐकलं नाही. कासवांचं मात्र ऐकलं गेलं. पुढंही अनेकांनी ते बेट जपलं आणि आज अल्डाब्रावर एक लाखाच्या आसपास कासवं आहेत.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन वारले. शेवटचं पुस्तक त्यांनी गांडुळांवर लिहिलं होतं. आपला शेतकरी ज्याला मित्र म्हणतो, त्याच गांडुळावर!

गॅलापागोसच्याच पिंटा बेटावरचं एकच कासव १९७१ साली सापडलं होतं. त्याचं नाव जॉर्ज. त्याच्या जातीची मादी जगात कुठंही मिळाली नाही. २४ जून २०१२ रोजी जॉर्ज मेला आणि ती जात संपली. ही गोष्ट मी सांगतो ती एवढ्याचसाठी, की उरलेलं एकच असलं तर जगातले सगळे शास्त्रज्ञ मिळूनही काही करू शकत नाहीत. पुष्कळ असतात तेव्हाच जपायचं असतं.

आपल्या कृष्णेच्या डोहांत मऊ पाठीची कासवं अजून आहेत. १९७२ च्या कायद्यानं त्यांना पकडायला-मारायला बंदी आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की ती काठाला दिसतात. दिसली तर दगड उचलू नका. कुठं दिसलं, कधी दिसलं, काय करत होतं, ते वहीत टिपून ठेवा आणि वही मला दाखवा. बघायचं आणि लिहायचं, डार्विननी तरी जन्मभर दुसरं काय केलं?