चिक चॉकलेट : श्रेय आणि मोबदला

कारंजा (घाडगे) असो की आर्वी, लग्नाच्या वरातीतील बँडपथकाला ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील चाली शिकवाव्या लागत नाहीत. त्या चालींचे जनक सी. रामचंद्र मराठी रसिकांना परिचित आहेत. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी संगीताचे धडे घेतले, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या चालींना ट्रंपेटची झळाळी देणाऱ्या चिक चॉकलेट यांचे नाव क्वचितच घेतले जाते. या विस्मृतीची कारणे एका व्यवसायाच्या अर्थकारणात शोधावी लागतात.

आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांचे मूळ नाव. बार्देश तालुक्यातील हळदोणे येथे १९१६ साली त्यांचा जन्म झाला. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपीचे व वाद्यांचे शिक्षण मिळे. गावात या विद्येला बाजारपेठ नव्हती. साहजिकच ती संपादन केलेले तरुण मुंबईची वाट धरीत. १९३५ नंतर लिऑन अॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आदी कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंतांनी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जाझ रुजविले. त्यांच्या वादनातून व ध्वनिमुद्रिकांतून गोमंतकीय वादकांची एक पिढी घडली. चिक हे तिच्या अग्रणींपैकी एक. ‘चिक अँड द म्यूझिक मेकर्स’ हे त्यांचे पथक मुंबईच्या ग्रीन्स व ताज या हॉटेलांत गाजले.

लुई आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श. ख्यालगायकाने बंदिशीचा मुखडा सांभाळून बढत करावी, तद्वत मूळ धून न सोडता तिच्याभोवती उत्स्फूर्त रचना उभारणे, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळून नेमक्या क्षणी स्वर फेकणे आणि तारसप्तकात तो तेजस्वीपणे टिकविणे, ही आर्मस्ट्राँगची रीत. चिक यांनी ती इतकी आत्मसात केली, की त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हटले जाऊ लागले. गाताना त्यांचा आवाजही तसाच घोगरा लागे.

१९४७ साली इंग्रज गेले; १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्रीची वर्दळ ओसरली. जाझचा आश्रयदाता वर्ग असा आक्रसत असता चित्रपटसंगीताला मात्र मोठा वाद्यवृंद हवा होता. अनेक संगीतकार चाल हार्मोनियमवर बांधीत. ती स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहिणे, प्रारंभीचे व मधले तुकडे रचणे, हे काम प्रामुख्याने गोमंतकीय अरेंजरकडे येई. सी. रामचंद्र व मदनमोहन यांच्यासाठी चिक यांनी हेच केले. ‘अलबेला’त ते आपल्या पथकासह पडद्यावरही दिसतात. ‘नादान’ (१९५१) व ‘रंगीली’ (१९५२) या चित्रपटांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. परंतु संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही.

गाण्याच्या यशात अरेंजरचा वाटा मोठा असूनही त्याला ठरावीक रक्कम मिळे, आणि श्रेयनामावलीत फार तर साहाय्यकाची ओळ. ध्वनिमुद्रिका वर्षानुवर्षे खपे; त्या उत्पन्नाशी त्याचा संबंध उरत नसे. रोजंदारीवर विहीर खणणाऱ्याचा तिच्या पाण्यावर हक्क नसावा, तसाच हा प्रकार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाच्या हक्काची तरतूद नव्हती. १९९४ साली ती झाली आणि २०१२ च्या दुरुस्तीने कलावंतांच्या स्वामित्वधनाला आधार मिळाला. अरेंजर या व्यवसायाचा मात्र तेथेही स्वतंत्र उल्लेख नाही.

‘आखरी खत’ (१९६६) या चित्रपटातील क्लबच्या दृश्यात चिक ट्रंपेट वाजविताना दिसतात. पुढच्याच वर्षी, १९६७ च्या मे महिन्यात, ते निवर्तले. कायद्यातील सुधारणा त्यांच्यापर्यंत पोहोचणे आता शक्य नाही. परंतु जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात. गायक, गीतकार व संगीतकार यांच्या नावांखाली अरेंजरचे नाव छापण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही, आणि त्याला खर्चही नाही. मोबदला बुडाला असला, तरी श्रेयाचे एवढे देणे अद्याप फेडता येण्याजोगे आहे.