पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडणारे रेव्हरंड टिळक

नगर, राहुरी भागातल्या चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आजही म्हटली जातात. जन्म कोकणातल्या करजगावचा, ब्राह्मण घरातला. रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशानं बायबलचा नवा करार हातात दिला, तिथून मन पालटत गेलं. आतून ख्रिस्ती, वरून ब्राह्मण असं निभावून नेता आलं असतं. पण फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत उघड बाप्तिस्मा घेतला. संसार तुटला. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन चारेक वर्षं नातेवाइकांकडं राहिल्या. मग परतल्या, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

दुसरा पेच मात्र जास्त अवघड. पगार अमेरिकन मिशनचा, आणि मन ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगात. ख्रिस्त आपल्या मातीत रुजावा, साहेबी थाटात नको, असं त्यांना वाटे. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. महिन्याचा पगार गेला, घर कसं चालवायचं हा घोर लक्ष्मीबाईंच्या वाट्याला! साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू झाला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथं जागा होती.

दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला टिळक गेले. अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढं लक्ष्मीबाईंनी लिहून काढलं.