अठरा वर्षांचा अर्ज

एकाच देशाने एकाच माणसाला तीनदा नागरिकत्व द्यावे आणि दोनदा काढून घ्यावे, असे उदाहरण विरळाच. भगतसिंग थिंद यांच्या वाट्याला ते आले. ९ डिसेंबर १९१८ रोजी वॉशिंग्टन राज्यातील कॅम्प लुईस या लष्करी तळावर, अमेरिकी सैन्याच्या गणवेशात, त्यांना नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळाले. चारच दिवसांत ते रद्द झाले. नागरिकत्व खात्याच्या लेखी थिंद 'गोरे' नव्हते.

१८९२ मध्ये अमृतसर जिल्ह्यात जन्मलेले थिंद १९१३ मध्ये अमेरिकेत पोहोचले. ओरेगॉनमधील लाकूड गिरण्यांत राबून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी ते सैन्यात दाखल झाले. पगडी न उतरवता ते हंगामी सार्जंट झाले आणि सन्मानपूर्वक सेवामुक्तही झाले.

अडचण कायद्यातील एका शब्दाची होती. १७९० च्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग केवळ स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींसाठी खुला ठेवला. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशीयांची भर पडली. आशियातून आलेला माणूस या दोहोंच्या मध्ये लोंबकळत राहिला. 'गोरा' म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्यात नव्हती. त्यामुळे एका न्यायालयात मंजूर होणारा अर्ज दुसरीकडे फेटाळला जाई. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांना १९१४ मध्येच नागरिकत्व मिळाले होते, ते याच संदिग्धतेत.

मे १९१९ मध्ये थिंद यांनी ओरेगॉनमध्ये नव्याने अर्ज केला. खात्याच्या अधिकाऱ्याने हरकत घेतली. गदर चळवळीशी असलेल्या संबंधांचाही आधार घेतला. न्यायाधीशांनी ती अमान्य करून नोव्हेंबर १९२० मध्ये नागरिकत्व बहाल केले. सरकार अपिलात गेले. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने थिंद यांच्याविरुद्ध निकाल दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते. तीनच महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला नाकारताना त्यांनी 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा, असा अर्थ लावला होता. थिंद यांनी तोच अर्थ पुढे करताच वंशशास्त्र मागे पडले आणि सामान्य माणसाची समजूत ही कसोटी ठरली.

थिंद यांच्या युक्तिवादाचीही चिकित्सा व्हायला हवी. आपण उच्चवर्णीय आर्य, जातीच्या कडक बंधनांमुळे रक्तशुद्धी टिकवलेले, असा त्यांचा दावा होता. 'गोरे'पणाची अट अन्यायकारक आहे, असे न म्हणता आपण त्या अटीत बसतो, असे त्यांनी म्हटले. जातीच्या उतरंडीवर उभारलेला हा बचाव वर्णाच्या उतरंडीपुढे टिकला नाही.

निकालाची झळ इतरांनाही बसली. अनेक भारतीयांचे नागरिकत्व रद्द करण्याची प्रकरणे सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णो दास बगई यांनी नागरिकत्व गमावल्यानंतर १९२८ मध्ये आत्महत्या केली. पंडित यांच्यावरही तीच वेळ आली. परंतु एकदा अंतिम झालेला निर्णय सरकारला पुन्हा उकरता येणार नाही, हे त्यांनी अपिलीय न्यायालयात मान्य करून घेतले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप नाकारला आणि मोहिमेचा जोर ओसरला.

थिंद मात्र कोणत्याही देशाचा मताधिकार नसलेले व्याख्याते म्हणून अमेरिकाभर अध्यात्मावर बोलत फिरले. १९३५ मध्ये महायुद्धातील आशियाई सैनिकांसाठी विशेष कायदा झाला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांना तिसऱ्यांदा, व कायमचे, नागरिकत्व मिळाले. इतर भारतीयांना १९४६ पर्यंत थांबावे लागले. तेव्हाही स्थलांतराचा कोटा वर्षाला १०० जणांचाच होता. १९६७ मध्ये थिंद यांचे निधन झाले.

वंशाची अट कायद्यातून गेली. रांग गेली नाही. १९९० च्या कायद्यातील देशनिहाय ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे कायम वास्तव्याचा परवाना मागणारे भारतीय वर्षानुवर्षे ताटकळतात, आणि नागरिकत्वाचा अर्ज त्यानंतरच करता येतो. थिंद यांच्या फाइलीत १९१८ पासून १९३६ पर्यंत नवे असे काहीच दाखल झाले नव्हते. अखेरीस ज्या सैनिकी सेवेमुळे ते पात्र ठरले, तिचा गणवेश पहिल्या दिवशीही त्यांच्या अंगावर होता.