एड्सगर डायक्स्ट्रा

रेल्वेचे आरक्षण, बँकेचा जमाखर्च, रुग्णालयातील उपकरणे ही सर्व आज संगणकाच्या साहाय्याने चालतात. परंतु संगणक आपण होऊन काहीच ठरवीत नाही. मनुष्याने क्रमवार लिहून दिलेल्या आज्ञांचे तो निमूटपणे पालन करतो. आज्ञांच्या या मालिकेस आज्ञावली किंवा प्रोग्रॅम असे म्हणतात. तीत एखादी चूक राहून गेली, तर शेतकऱ्याच्या खात्यावरील पैसे भलत्याच खात्यावर पडतील किंवा रोग्यास औषध कमीअधिक दिले जाईल. म्हणून आज्ञावली नुसती चालून भागत नाही, ती निर्दोष व सुबोध असली पाहिजे, असा आग्रह हॉलंडमधील एका विद्वानाने जन्मभर धरला. त्याचे नाव एड्सगर डायक्स्ट्रा.

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ होते, तर आई गणितात पारंगत होती. एखादी सिद्धता पाच ओळींहून लांबू लागली, तर आपली वाट चुकली असे समजावे, ही आईची शिकवण मुलाच्या मनावर कायमची ठसली.

लायडेन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे अध्ययन चालू असतानाच, १९५२ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात ते आज्ञावली लिहिण्याचे काम करू लागले. त्या काळी या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा नव्हती. भौतिकशास्त्र सोडावे की नाही, या चिंतेने तरुण डायक्स्ट्रा व्याकूळ झाले. तेव्हा त्यांचे वरिष्ठ वान वाइनगार्डन यांनी त्यांना धीर दिला. संगणक आता टिकून राहणार असून, या नव्या कामाला शास्त्राचे रूप देण्याचा मान कदाचित त्यांनाच लाभेल, असे त्यांनी सुचविले. डायक्स्ट्रांचा निश्चय झाला. पुढे १९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी त्यांनी आपला व्यवसाय प्रोग्रॅमर असा सांगितला. पण असा काही व्यवसाय असतो, हे नगरपालिकेस मान्य होईना! अखेर भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नोंद करावी लागली.

त्यापूर्वीच, १९५६ मध्ये, उपाहारगृहात कॉफी घेत असता, अवघ्या वीस मिनिटांत त्यांना दोन गावांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत सुचली. समजा, हिंगणीहून नागपूरला जावयाचे आहे आणि मधल्या गावांतून अनेक वाटा फुटतात. प्रथम हिंगणीस सर्वांत जवळ असलेल्या गावाचे अंतर निश्चित करावयाचे. त्या गावावरून पुढची गावे अधिक जवळ पडतात काय, ते ताडून पाहावयाचे. मग उरलेल्यांतील सर्वांत जवळचे गाव घ्यावयाचे. असे करीत गेले म्हणजे नागपूरचा सर्वांत जवळचा मार्ग बिनचूक हाती येतो. हाताशी कागद-पेन्सिल नसल्यामुळे गुंतागुंत टाळणे भागच पडले आणि रीत सुटसुटीत झाली. मार्ग दाखविणाऱ्या आजच्या यंत्रणांच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

१९६२ मध्ये ते आइंडहोवन येथे प्राध्यापक झाले. एकाच रुळावर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून सिग्नल असतो. तशीच योजना त्यांनी संगणकात एकाच वेळी चालणाऱ्या कामांसाठी केली आणि तिला सेमाफोर हे रेल्वेतीलच नाव दिले.

मार्च १९६८ मध्ये त्यांचे एक लहानसे पत्र प्रसिद्ध झाले आणि संगणकाच्या जगात मोठा वाद माजला. त्या काळी आज्ञावलीत अमुक ओळीवर जा, अशी आज्ञा सर्रास वापरीत. ज्या पोथीत दर दोन ओळींनंतर वाचकास दुसऱ्याच पानावर धाडले जाते, तिचा अर्थ कसा लागावा? ही आज्ञा टाकून द्यावी आणि आज्ञावली नीट रचलेल्या लहान भागांची असावी, असे डायक्स्ट्रांचे म्हणणे होते. वर्षानुवर्षांची सवय सोडण्यास अनेक जण तयार नव्हते. १९७४ मध्ये डोनाल्ड कनूथ या विख्यात पंडिताने, काही ठिकाणी ही आज्ञा उपयुक्त ठरते, असे सप्रमाण दाखविले. या वादामुळे उभय पक्षांना रचनेचा कसून विचार करावा लागला. आज जावा, पायथॉन यांसारख्या भाषांत ती आज्ञा उपलब्धच नाही.

चाचणीने चुका आहेत एवढे कळते, त्या नाहीत हे मात्र सिद्ध होत नाही. म्हणून आज्ञावली रचतानाच तिची शुद्धता गणिताने पटवून घ्यावी, हाही त्यांचा सिद्धान्त होता. १९७२ मध्ये त्यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. त्यांची टीका पुष्कळदा बोचरी असे आणि तिने माणसे दुखावतही. पण स्वतःच्या लेखनालाही ते तोच कठोर नियम लावीत. १९८४ पासून १९९९ पर्यंत त्यांनी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले. संगणकशास्त्राचा हा आचार्य आपले लेख मात्र शाईच्या लेखणीने सुवाच्य अक्षरांत लिही. असे तेराशेहून अधिक क्रमांकित लेख त्यांनी मागे ठेवले आहेत.

६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमधील न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले. नगरपालिकेच्या दप्तरात ज्या व्यवसायाला एके काळी स्थान नव्हते, तो आज जगभर लक्षावधी माणसे सन्मानाने करीत आहेत.