विश्लेषण : मोटार कंपनीच्या हिशेबात गुंतवणुकीचा आकडा ‘उणे’ का असतो? हेन्री फोर्ड यांच्या आयुष्यातून समजून घ्या!

मोठ्या मोटार कंपनीचे वार्षिक निकाल उघडले की नफ्याचा आकडा आधी दिसतो. काही पाने पुढे गेल्यावर मात्र एक मोठा उणे आकडा लक्ष वेधून घेतो. तो असतो गुंतवणुकीच्या कामांतील रोख प्रवाहाचा. नवखा गुंतवणूकदार तो पाहून दचकतो. कंपनी नफ्यात आहे, मग हजारो कोटी गेले कुठे, असा प्रश्न त्याला पडतो. याच प्रश्नावरून सुमारे शंभर वर्षांपूर्वी हेन्री फोर्ड यांना त्यांच्याच भागधारकांनी न्यायालयात खेचले होते. फोर्ड यांच्या हयातीत अशा पत्रकाची सक्ती नव्हती. अमेरिकेत आजच्या स्वरूपातील रोख प्रवाहाचे पत्रक १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंधनकारक झाले. तरीही या आकड्यामागे काय दडलेले असते, हे फोर्ड यांच्या आयुष्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

हा आकडा नेमका कशाचा?

रोख प्रवाहाच्या पत्रकाचे, म्हणजे कॅश फ्लो स्टेटमेंटचे, तीन भाग असतात. पहिला रोजच्या धंद्याचा. गाड्या विकून आलेले पैसे आणि कच्चा माल, पगार यांवर गेलेले पैसे त्यात येतात. दुसरा गुंतवणुकीचा. जमीन, कारखाना, यंत्रे, दुसऱ्या कंपन्या किंवा रोखे घेण्यावर गेलेला आणि ते विकून आलेला पैसा इथे दिसतो. तिसरा भाग वित्तपुरवठ्याचा. कर्ज घेणे-फेडणे, लाभांश देणे, स्वतःचेच शेअर परत विकत घेणे हे सारे त्यात मोडते.

कारखान्यासाठी दिलेला पैसा एकाच वर्षी हातातून जातो. नफा-तोट्याच्या हिशेबात मात्र तो घसाऱ्याच्या रूपाने अनेक वर्षे थोडा थोडा उतरतो. म्हणूनच कागदावर घसघशीत नफा दिसत असतानाही तिजोरी रिकामी होऊ शकते.

सुरुवात कशी झाली?

फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डिअरबॉर्नजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीत त्यांचे मन रमले नाही. डेट्रॉइटमधील एडिसन वीज कंपनीत ते मुख्य अभियंता झाले आणि १८९६ मध्ये फावल्या वेळात त्यांनी आपली पहिली चारचाकी गाडी तयार केली. १८९९ मध्ये स्थापन झालेली त्यांची पहिली कंपनी दीड वर्षात गुंडाळली गेली. दुसऱ्या कंपनीतून भांडवलदारांशी मतभेद होऊन ते बाहेर पडले. त्याच कंपनीतून पुढे ‘कॅडिलॅक’ उभी राहिली.

१६ जून १९०३ रोजी फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली, तेव्हा हाती रोख भांडवल होते अवघे २८ हजार डॉलर. पहिली गाडी विकली जाण्याआधी बँकेतली शिल्लक २२३ डॉलरपर्यंत खाली आली होती. त्या काळात कंपनीचा स्वतःचा मोठा कारखानाही नव्हता. इंजिनासह महत्त्वाचे भाग जॉन आणि होरेस डॉज या बंधूंच्या कारखान्यातून यायचे. डॉज बंधूंकडे कंपनीचा १० टक्के हिस्साही होता. आजच्या भाषेत सांगायचे तर कंपनीची गुंतवणूक नाममात्र होती आणि सुटे भाग बाहेरून घेऊन जुळणी करणे एवढेच तिचे काम होते.

लाभांश की कारखाना?

१९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ आली आणि चित्र पालटले. १९१० मध्ये हायलँड पार्कचा कारखाना सुरू झाला. तिथे १९१३ मध्ये सरकती जुळणी साखळी आली आणि गाडीचा सांगाडा जोडायला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. सुरुवातीला साडेआठशे डॉलरच्या आसपास असलेली गाडी १९१६ मध्ये ३६० डॉलरला मिळू लागली. कंपनीचे अधिकृत भांडवल होते २० लाख डॉलर. पण १९११ ते १९१५ या काळात नियमित लाभांशाखेरीज ४ कोटी १० लाख डॉलरचा विशेष लाभांश वाटला गेला होता.

१९१६ मध्ये फोर्ड यांनी हा विशेष लाभांश थांबवला. तोवर कंपनीकडे पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम रोख आणि रोख्यांच्या रूपात पडून होती. डिअरबॉर्नजवळ रूज नदीच्या काठी त्यांनी सुमारे दोन हजार एकर जमीन आधीच घेतली होती. एका टोकाने लोहखनिज आत जावे आणि दुसऱ्या टोकाने तयार गाडी बाहेर पडावी, असा कारखाना त्यांना तिथे उभारायचा होता.

डॉज बंधूंनी १९१४ पासून स्वतःची गाडी बाजारात आणली होती. फोर्ड यांच्याकडून मिळणारा लाभांश त्यांच्या कामी येत होता, म्हणजे फोर्ड यांचाच पैसा प्रतिस्पर्ध्याला बळ देत होता. लाभांश थांबताच डॉज बंधूंनी दावा ठोकला. फोर्ड यांची बाजू अशी होती की, गाड्या स्वस्त करायच्या, रोजगार वाढवायचा आणि नफा पुन्हा कारखान्यात घालायचा. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९१९ मध्ये दोन भागांत निकाल दिला. सुमारे १ कोटी ९३ लाख डॉलर लाभांश म्हणून वाटण्याचा आदेश कायम ठेवला. मात्र रूजचा विस्तार करावा की नाही, हा धंद्याचा निर्णय असल्याचे सांगत त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. रोख प्रवाहाच्या दृष्टीने पाहिले तर हा वाद एकाच पैशावरच्या दोन दाव्यांचा होता. तो दुसऱ्या भागातून कारखान्याकडे जाणार की तिसऱ्या भागातून भागधारकांकडे?

भागीदारांना दिलेले दहा कोटी ‘गुंतवणूक’ होती का?

या निकालाने फोर्ड संतापले. अध्यक्षपद त्यांनी आधीच मुलगा एडसेल यांच्याकडे सोपवले होते. आता आपण नवी कंपनी काढून आणखी स्वस्त गाडी बनवणार, अशी घोषणा त्यांनी केली. इतर भागधारक धास्तावले. फोर्ड यांच्या मध्यस्थांनी एकेकाला गाठून त्यांचे शेअर विकत घेतले. १९१९ च्या मध्यापर्यंत सुमारे १० कोटी ५८ लाख डॉलर मोजून सारी कंपनी फोर्ड कुटुंबाच्या ताब्यात आली. डॉज बंधूंना अडीच कोटी डॉलर मिळाले. या व्यवहारासाठी बँकांकडून सुमारे सहा कोटी डॉलरचे कर्ज काढावे लागले.

अनेकांची गल्लत इथेच होते. बोलीभाषेत आपण शेअर घेण्याला गुंतवणूक म्हणतो. पण कंपनीने स्वतःचेच शेअर परत घेतले, तर तो पैसा वित्तपुरवठ्याच्या भागात धरला जातो. त्या दहा कोटींतून एकही नवे यंत्र आले नाही, एकही गाडी जास्त बनली नाही. बदलली ती फक्त मालकी.

कर्ज आणि बांधकाम एकाच वेळी आल्यावर...

रूजचे काम त्याच काळात जोरात होते. मे १९२० मध्ये तिथली पहिली झोतभट्टी पेटली. त्या समारंभात भट्टी पेटवण्याचा मान फोर्ड यांच्या दोन वर्षांच्या नातवाला, दुसऱ्या हेन्री फोर्ड यांना मिळाला. त्यानंतर काही महिन्यांतच मंदी आली. विक्री आटली, कर्जाचे हप्ते मात्र तोंडावर होते. गाडीच्या किमती घटवूनही मागणी पुरेशी वाढली नाही, तेव्हा डिसेंबर १९२० मध्ये कारखाना काही आठवड्यांसाठी बंद ठेवण्यात आला.

फोर्ड यांनी बँकांकडे पुन्हा हात पसरले नाहीत. साठ्यातल्या कच्च्या मालाच्या गाड्या बनवल्या आणि त्या विक्रेत्यांकडे धाडल्या. विक्रेत्यांनी मागणी केली नसली तरी पैसे रोख मोजायचे, नाहीतर विक्रीचा परवाना गमवायचा. अनेकांनी गावातल्या बँकेतून कर्ज काढून ते भरले. कंपनीचे कर्ज फिटले, पण त्याचा बोजा विक्रेत्यांच्या खांद्यावर गेला. दुसऱ्या भागातला फुगलेला खर्च पहिल्या भागावर कसा ताण आणतो, हे त्या हिवाळ्यात दिसले.

रूज मात्र उभा राहिला. १९२८ च्या सुमारास तिथे ९३ इमारती आणि सुमारे १०० मैल लांबीचे अंतर्गत लोहमार्ग होते. स्वतःचे पोलाद, स्वतःची काच, स्वतःची वीज. सुमारे दशकभर हिशेबात उणे दिसलेला पैसा इथे होता.

रेल्वेत कमाई, रबरात बुडीत

गुंतवणुकीच्या भागात पैसा फक्त बाहेरच जातो असे नाही. फोर्ड यांनी १९२० मध्ये डेट्रॉइट, टोलेडो अँड आयर्नटन ही रडतखडत चालणारी रेल्वे सुमारे ५० लाख डॉलरला घेतली. ती सुधारली, वापरली आणि १९२९ मध्ये ३ कोटी ६० लाख डॉलरला विकली. विक्रीच्या वर्षी असा व्यवहार हा आकडा एकदम सुधारून दाखवतो. मात्र ही एकदाच होणारी जमा असते, दरवर्षीची कमाई नव्हे.

याउलट उदाहरण ‘फोर्डलँडिया’चे. टायरसाठी लागणाऱ्या रबरावर ब्रिटिश वसाहतींचे वर्चस्व होते. ते मोडण्यासाठी फोर्ड यांनी १९२७ मध्ये ब्राझीलमध्ये तापाजोस नदीकाठी सुमारे २५ लाख एकर जमीन मिळवली. हे क्षेत्र जवळपास सातारा जिल्ह्याएवढे. तिथे अमेरिकी धाटणीचे गाव वसवले. पण रबराची झाडे दाटीने लावल्याने पानांवर बुरशीचा रोग पसरला. १९३० मध्ये कामगारांनी जेवणाच्या व्यवस्थेवरून दंगा केला. नंतर बेल्टेरा इथे नवी लागवड करूनही पुरेसे रबर मिळाले नाही. फोर्ड स्वतः तिथे एकदाही गेले नाहीत. अखेर १९४५ मध्ये सुमारे दोन कोटी डॉलर घालवून हा प्रकल्प ब्राझील सरकारला २ लाख ४४ हजार डॉलरच्या आसपास किमतीला विकण्यात आला. तेव्हा कंपनीचा कारभार हाती आला होता तो पंचवीस वर्षांपूर्वी भट्टी पेटवणाऱ्या त्याच नातवाच्या.

खर्च टाळणे म्हणजे बचत?

तसेही नाही. ग्राहकांना नवे रंग, नवी रचना हवी होती आणि जनरल मोटर्स ती देत होती. फोर्ड मात्र ‘मॉडेल टी’ सोडायला तयार नव्हते. दीड कोटी गाड्या बनल्यावर मे १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तेव्हा पुढची गाडी तयारच नव्हती. यंत्रे बदलण्यात सुमारे सहा महिने गेले. डिसेंबरमध्ये ‘मॉडेल ए’ आली, पण तोवर शेव्हरोलेने आघाडी घेतली होती. नव्या मॉडेलवरचा खर्च वर्षानुवर्षे लांबवला, तर तो एकदम आणि महागात करावा लागतो.

आकड्यांत न दिसणारे काय होते?

१९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी देऊन जगाला चकित करणाऱ्या फोर्ड यांनी कामगार संघटनेला मात्र दीर्घकाळ विरोध केला. १९३७ मध्ये रूजच्या प्रवेशद्वाराजवळ संघटनेच्या नेत्यांना कंपनीच्या माणसांनी मारहाण केली. संघटनेशी करार झाला तो १९४१ मध्ये. त्यांच्या मालकीच्या साप्ताहिकाने १९२० च्या दशकात ज्यूंविरोधी प्रचार केला, हा डागही पुसला गेला नाही. १९४३ मध्ये एडसेल यांचे निधन झाले. वृद्ध फोर्ड यांनी पुन्हा सूत्रे घेतली, पण कारभार ढासळत गेला. अखेर १९४५ मध्ये कंपनी नातवाकडे गेली आणि त्याने हिशेबाची शिस्त लावण्यासाठी बाहेरून तरुण अधिकारी आणले. ७ एप्रिल १९४७ रोजी फोर्ड यांचे निधन झाले, त्या रात्री रूज नदीच्या पुरामुळे त्यांच्या घरची वीज गेलेली होती.

आज हा आकडा कसा वाचावा?

फक्त उणे चिन्ह पाहून निष्कर्ष काढू नये. पैसा कशावर गेला, ते खालच्या ओळींत पाहावे. तो कारखान्यात आणि नव्या मॉडेलमध्ये गेला, की फक्त म्युच्युअल फंड आणि बँक ठेवींत ठेवला? दुसऱ्या प्रकारात आकडा उणे दिसला तरी पैसा कंपनीकडेच असतो. ग्राहकांना कर्ज देणारी वित्त शाखा असेल, तर त्या कर्जाच्या रकमाही अनेकदा याच भागात येतात. आजच्या फोर्ड कंपनीच्या पत्रकात त्या मोठ्या असतात.

अधिक आकडाही नेहमी शुभ नसतो. भारतातील मोटार उत्पादन थांबवल्यानंतर फोर्डने गुजरातमधील साणंदचा प्रकल्प टाटा मोटर्सच्या उपकंपनीला ७२५ कोटी ७० लाख रुपयांना विकला. हे हस्तांतर जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले. एकाच व्यवहाराने विकणाऱ्याच्या पत्रकात जमा आणि घेणाऱ्याच्या पत्रकात उणे नोंद होते. पण त्या प्रकल्पातून पुढे गाड्या बनवणार होता तो घेणारा.

म्हणून शेवटचा प्रश्न पहिल्या भागाला विचारावा. धंद्यातून येणारी रोकड हा खर्च पेलते आहे का? १९१६ मध्ये फोर्ड यांच्याकडे या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी होते. १९२० च्या हिवाळ्यात ते तसे नव्हते. कारखाना तोच होता, त्याच्या आगेमागे आलेल्या कर्जाने फरक केला.