माती गाळून पाहणारा संशोधक

पावसाळा सरताना शेतात, गवतात वावरलेल्या माणसाला जोराचा ताप भरतो. तपासताना काखेत किंवा जांघेत एखादी न दुखणारी काळी खपली सापडते आणि डॉक्टरांना स्क्रब टायफसची शंका येते. २०१८ मध्ये विदर्भाने या तापाची साथ अनुभवली. त्याचे जिवाणू माणसाच्या अंगात सोडतो तो माइट, म्हणजे गोचिडीच्या गोतातला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव. या जीवांची शिस्तशीर ओळख ज्यांनी करून दिली, त्यांत अंतोनियो बर्लेसे यांचे नाव वरचे आहे.

बर्लेसे यांचा जन्म १८६३ मध्ये इटलीतील पादुआ शहरात झाला. वयाची विशी गाठण्याआधीच, १८८२ मध्ये, त्यांनी आपल्या देशातील माइट, गोमी आणि विंचू यांची सचित्र सूची भागाभागाने प्रसिद्ध करायला घेतली. हे काम पुढे वीस वर्षे चालले. नंतर फ्लॉरेन्सच्या कृषी कीटकशास्त्र केंद्राची धुरा त्यांच्याकडे आली.

मातीतले माइट हाताने वेचणे जवळपास अशक्य. १९०५ मध्ये बर्लेसे यांनी त्यावर साधा उपाय काढला. नसराळ्यावर चाळण, चाळणीत माती आणि नसराळ्याभोवती गरम पाण्याचे वेष्टन. माती तापून सुकू लागली की आतले जीव ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि तळाच्या बाटलीतल्या मद्यार्कात पडतात. १९१८ मध्ये स्वीडनच्या टुलग्रेन यांनी गरम पाण्याऐवजी विजेचा दिवा वापरला. हे नसराळे आजही प्रयोगशाळांत दिसते.

मग सूक्ष्मदर्शकाखाली ओळख पटवायची ती अंगावरचे केस, पाठीवरची कवचे, पायांचे सांधे पाहून. १९०५ मध्येच बर्लेसे यांनी ‘ट्रॉम्बिक्युला’ ही प्रजाती स्थापन केली. स्क्रब टायफस पसरवणाऱ्या माइटचे कुळ आज याच नावाने ओळखले जाते. या कुळात एक मोठी फसगत आहे. माणसाला चावते ती सहा पायांची अळी. आठ पायांचा प्रौढ माइट मातीत राहतो आणि कीटकांची अंडी खातो. दोघांच्या रूपात इतका फरक, की एकाच जीवाची दोन वेगळ्या नावांनी नोंद होत असे. रोग कोण पसरवतो आणि तो राहतो कुठे, हे दुवे मग जुळणार कसे?

१९२७ मध्ये बर्लेसे यांचे निधन झाले, तेव्हा डीएनएची रचनाही उलगडलेली नव्हती. आज जनुकांच्या क्रमावरून अळी आणि प्रौढ यांचे नाते जुळवता येते; हुबेहूब दिसणारे माइट वेगळ्या जातींचे निघतात. पण तो क्रम कोणत्या जातीचा, हे ठरवायला केसा-कवचांवरून ओळखलेला नमुना हाताशी लागतोच. बर्लेसे यांनी काचपट्ट्यांवर जपलेले हजारो माइट म्हणूनच फ्लॉरेन्समध्ये अजून अभ्यासले जातात.

शेतातून आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. वेळेत निदान झाले तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने हा आजार बरा होतो. उशीर मात्र जिवावर बेतू शकतो.