वेळ साधणारे पाश्चर
दूध कोमट झाल्यावरच विरजण लावायचे, हे धानोऱ्यात घरोघरी ठाऊक आहे. कढत दुधात विरजण मरते. बिअरच्या यीस्टचेही तसेच. यीस्ट सजीव आहे, हे प्रयोगांनी पटवून देणारे लुई पाश्चर १८२२ मध्ये फ्रान्समध्ये कातडी कमावणाऱ्याच्या घरी जन्मले. १८७६ मध्ये बिअरवर त्यांनी ग्रंथ लिहिला. उकळलेला रस जंतू लागू न देता निववावा, मग शुद्ध यीस्ट घालावे, ही त्यांची रीत. उशीर झाला, तर दुसरे जंतू आधी शिरतात. १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफला त्यांनी वेळीच लस दिली, तो वाचला. १८९५ मध्ये पाश्चर गेले. कुत्रा चावला, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.